लिंडसेची पत्रपेटी

निवृत्तीनंतर नोलीनने नवऱ्याला, लिंडसेला, घर विकायला लावलं आणि कॅरव्हॅनमध्ये घालून ऑस्ट्रेलियातली दूरदूरची राष्ट्रीय उद्यानं हिंडायला काढलं. लिंडसेने घरातली एकच वस्तू हट्टाने सोबत घेतली, ती म्हणजे फाटकाजवळची खांबावरची पत्रपेटी. मुक्काम पडला की तो आधी तिचा खांब लाल मातीत ठोकायचा, मग चहा.

एका घळीजवळच्या तळावर ते आमच्या शेजारी उतरले. तिथून सर्वांत जवळचं पोस्ट दोनशे किलोमीटरवर. त्यामुळे आम्हा शेजाऱ्यांना थट्टेचा रोजचा विषय मिळाला.

"काय पोस्टमास्तर, टपाल आलं का?" मी विचारायचो.

"त्याला वाटतं, विजेचं बिल त्याला शोधत इथवर येईल," नोलीन म्हणायची.

थट्टेथट्टेत आम्ही पेटीत चिठ्ठ्या टाकू लागलो. तो त्या चष्मा लावून गंभीरपणे वाचायचा.

एका दुपारी शेजारच्या तरुण जोडप्याची चिठ्ठी निघाली, 'घळीत चाललोय, चारपर्यंत येऊ.' साडेपाच वाजले तरी त्यांचा तंबू रिकामाच. लिंडसेने चिठ्ठी घेऊन थेट उद्यानाच्या रेंजरला गाठलं. मुलीचा पाय मुरगळला होता आणि दोघांचं पाणी संपलं होतं. अंधार पडायच्या आत रेंजरने त्यांना सुखरूप आणलं.

मग घळीत जाणारा प्रत्येक जण चिठ्ठी टाकूनच जाऊ लागला. लिंडसे-नोलीनची निघायची वेळ आली तेव्हा रेंजरने पेटी तळावरच ठेवायला मागितली. लिंडसे दोन दिवस पेटी पुसत राहिला आणि शेवटी हो म्हणाला.

"आता घरातलं काहीच उरलं नाही," तो पुटपुटला.

"आणि मला काय मोडीत काढलंस?" नोलीन म्हणाली. "बस गाडीत."