फायर ब्रिगेडची वर्गणी

प्रसादासाठी तुपात रवा भाजायला घेतला की मला अजून अमेरिकेत कनेटिकटमधलं आमचं ते दार आठवतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. यांचा जॉब गेला होता, गाडीवरचा टाउनचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचा, टॅक्स थकला होता, आणि हे आम्ही कुणालाच कळू दिलं नव्हतं. सत्यनारायणाला घर माणसांनी भरलेलं, दारात बर्फाने ओल्या झालेल्या बुटांचा ढीग, आणि त्याच्यापलीकडे टाउनने थकबाकीच्या वसुलीला पाठवलेला कॉन्स्टेबल उभा. टॅक्स तर होताच, वर त्याच्या खेपेची फीसुद्धा आम्हीच द्यायची होती. "कोण आहे गं?" मागून एका काकांनी विचारलं. "फायर ब्रिगेडची वर्गणी मागतायत," मी बोलून गेले. "मग द्यायलाच हवी!" म्हणत काकांनी वीस डॉलर त्याच्या हातात ठेवलेसुद्धा. तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला, मग हळूच म्हणाला, "हे माझ्या फीमध्ये धरतो. टॅक्सचं सोमवारी बघा." प्रसादाचंही न विचारता मी दार लावून घेतलं. त्याच्या छातीवरचा बिल्ला कुणालाही वाचता आला असता, हे मला सुचलंच नाही. पुढच्या वर्षी पूजेहून निघताना काकांनी माझ्या हातात एक पाकीट ठेवलं. "फायर ब्रिगेडवाला परत आला, तर असू दे." काका आता नाहीत. शिरा खाली बघूनच ढवळावा लागतो, तेवढं एक बरं आहे.