वर धरलेला बूट

मंडळी, आत्ताच हेब्बाळहून हेवी मेटलची कॉन्सर्ट ऐकून आम्ही दोघं घरी आलो. कान अजून घुमतायत.

या गर्दीचा एक रिवाज आहे. पुढे धक्काबुक्कीत नाचताना कुणाचा बूट निघाला, की ज्याला सापडतो तो हात उंच करून बूट धरून ठेवतो. मालक येईपर्यंत.

कॉलेजात असताना माझा बूट असाच गेला होता. एक मुलगी तो वर धरून कन्नडमध्ये ओरडत होती, "यारदु? यारदु?" कुणाचा आहे म्हणून. मी "आई गं" करत लंगडत पोचलो, तर म्हणाली, "मराठी होय? घ्या की लवकर, हात दुखायला लागला."

ती ज्योती, बेळगावची. आता माझी बायको.

आज आम्ही मागे, कडेला उभे होतो. ज्योतीचा खांदा आखडलाय, वरच्या फळीवरचा डबाही तिला काढता येत नाही. तेवढ्यात लोकांच्या पायांत ढकलला जात एक बूट आमच्यापाशी आला. मी वाकेपर्यंत तिने तो उचलून जमेल तेवढा वर धरलासुद्धा. "यारदु?"

"अगं, खांदा."

"राहू दे की. कोणतरी एका पायावर उभं असेल."

मी तिच्या कोपराला खालून आधार दिला. दोन गाणी तसेच उभे होतो. मग एक मुलगी लंगडत आली, "थँक्स अक्का" म्हणाली आणि बूट घालून पुन्हा गर्दीत पळाली.

तुमचं हरवलेलं काही कुणी असं धरून ठेवलं होतं का? लिहा. मी आलोच, ज्योतीला चहाचा डबा काढून द्यायचाय.