तळघरातली लाल भाजी

"एकवीस वर्षं लोकांचं रक्त तपासलं, आता भाजीची नाडी पाहून राहिली!" समता कॉलोनीत देवयानीबद्दल हेच बोललं जायचं, आणि बोलणाऱ्यांचं तरी काय चुकलं होतं?

डॉक्टर भार्गवांच्या दवाखान्याच्या तळघरात तिची लॅब होती. लॅब डॉक्टरांची, पण सुई टोचण्यापासून रिपोर्ट टाइप करण्यापर्यंत राबणारी हीच. होळी झाली आणि डॉक्टरांनी सांगून टाकलं, नमुने आता बाहेरच्या मोठ्या लॅबला जातील, तळघर पंडरी बाजारातला एक कापडवाला गोदामासाठी मागतोय. देवयानी रडली, पण एकच दिवस. दुसऱ्या दिवशी सामान आवरायला खाली उतरली आणि बघते तर काय, फरशी आहे, नळ आहे, मोरी आहे, कूलर आहे, ट्यूबलाइटचे पॉइंट तर ढीगभर! मातीशिवाय पाण्यावर भाजी पिकवतात त्याचे व्हिडिओ तिनं इतके पाहिले होते की तोंडपाठ होते. त्याला याहून वेगळं काय लागतं? ती तशीच वर गेली.

"सर, अक्तीपर्यंत खोली मले द्या. दोन रॅक लावते. अक्षय तृतीयेला दोन्ही भरलेले दिसले नाही, तर किल्ली तुमची."

अक्तीला छत्तीसगढात बियाण्याची पूजा होते, शेतीचं वर्ष सुरू होतं. डॉक्टर हसले. "हव. पण अक्ती म्हणजे अक्ती."

मग काय विचारता! भंगारातून पाइप आले, त्यांना भोकं पडली. माशांच्या टाकीचे दोन छोटे पंप आले. प्लास्टिकच्या ग्लासांना बुडाशी छिद्रं पाडून त्यात नारळाचा भुसा भरला, लाल भाजीचं, म्हणजे लाल माठाचं, आणि पालकाचं बी टाकलं. एका रॅकला खतपाण्याची एक बादली, दुसऱ्याला दुसरी. खतं लॅबच्याच काट्यावर तोलली. ग्लासाग्लासावर चिठ्ठी, नंबर, तारीख. पेशंटच जणू!

सासू गोदूबाई रोज डबा घेऊन उतरायच्या आणि पायरीवर बसून टोमणे मारायच्या. "अवं, बिनबुडाचा माणूस अन् बिनमातीची भाजी, यांचा काय भरवसा?"

चौथ्या दिवशी मोड वर आले. देवयानी खालूनच ओरडली, "आई, आले! आले वं!" म्हातारी गुडघे धरत धावली. दोघी त्या इवल्या हिरव्या टिपक्यांसमोर वाकून उभ्या राहिल्या.

रोपं मोठी झाली तशी डाव्या रॅकवरची पाइपात बसवून झाली. उजवा रॅक राहिला होता. त्याचे पाइप जुने, आत शेवाळाचा हिरवा थर. देवयानीच्या अंगात लॅब भिनलेली; घाण दिसली की हात आपोआप जंतुनाशकाच्या डब्याकडे. सांडलेलं रक्त पुसायला वापरायची तेच जहाल पाणी तिनं पाइपातून फिरवलं, वरवर खंगाळलं आणि रोपं लावली. तिसऱ्या दिवशी उजव्या रॅकवरची सगळी रोपं माना टाकून पडलेली. सगळी! अक्तीला उरले होते नऊ दिवस. नऊ दिवसांत भाजी काय जादूनं येणार?

"माझ्याच हातानं मारली, आई," ती जमिनीवर बसली.

गोदूबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि जवळ सरकून कुजबुजल्या, "ऐक. अभनपूरच्या बाजारातून मुळासकट पालक आणू. खोच त्या भोकांत. म्हातारा डॉक्टर काय वाकून पाहते?"

मोह झाला. खोटं कशाला बोला, झालाच. हातची खोली जात होती. पण हिनं जन्मात कुणाच्या रिपोर्टात साखर कमी लिहिली नव्हती की जास्त. "नाही जमणार मले," ती म्हणाली. गोदूबाई म्हणाल्या, "मग मर उपाशी," आणि डबा उघडून घास तिच्या तोंडापुढे धरला.

अक्तीच्या सकाळी डॉक्टर जिना उतरले. डावा रॅक नुसता पेटलेला, लाल भाजी अशी की डोळे निवावेत. उजवा रिकामा. त्यांनी काही विचारायच्या आत देवयानीनंच सांगितलं, "जंतुनाशक जास्त झालं सर. चूक माझी. पाइप वास जाईस्तोवर धुतले, काल नवं बी टाकलंय, पण आज दोन रॅक नाहीत. ही किल्ली."

डॉक्टरांनी किल्ली घेतली नाही. त्यांनी एक ग्लास उचलला. खाली पांढरी शुभ्र मुळं वीतभर लोंबत होती. पान तोडून त्यांनी तोंडात टाकलं, सावकाश चावलं. "रिकामा रॅक झाकला काहून नाही? चादर टाकली असती तर मी उचलून पाहिलंही नसतं."

"तुम्ही दोन मोजले असते सर, अन् होता एक."

डॉक्टरांनी ग्लास जपून पाइपात परत ठेवला. मग खिशातून मोबाइल काढला.

"सेठजी, नमस्कार. हव, गोदामाचंच. दुसरीकडे बघा तुम्ही. नाही नाही, जागा रिकामी नाही. तिथं आमची देवयानी बसते."