दंत महाविद्यालयाचा इतिहास वाचता वाचता पळालेला पेशंट

मंडळी, आज सोलापुरात माझी दाढ एका मुलीच्या परीक्षेत गेली!

दंत महाविद्यालयातल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना परीक्षेला पेशंट स्वतःच शोधून आणावा लागतो. तिनं मला आणलं, भुलीचं इंजेक्शन दिलं आणि बजावलं, "दादा, हलू नका. सर आल्यावर तुम्ही नसाल तर मी नापास."

पण मी कसला बसतोय? उठून व्हरांड्यात गेलो, तिथं भिंतीवर कॉलेजचा इतिहास लावला होता. सुरुवातीला एकच खुर्ची, मग गावोगावी शिबिरं. ध्येय काय, तर गरिबातल्या गरिबाचे दात वाचवायचे.

शेजारी उभे असलेले वळसंग गावचे एक आजोबा म्हणाले, "मला वाचता येत न्हाय, मोठ्यानं वाच की."

वाचलं. अर्धं तोंड बधिर, शब्दांपेक्षा लाळच जास्त.

आजोबा म्हणाले, "लई अवघड इतिहास हाय बाबा."

तेवढ्यात ती मुलगी रडवेली होऊन धावत आली. मागोमाग परीक्षक. माझं वाकडं तोंड बघून म्हणाले, "भूल छान दिलीय. पुढच्या वेळी पायालाही द्या."

परत खुर्चीत बसलो, तिनं दाढ एका दमात काढली. सरांनी हसत मार्क लिहिले.

दोनदा बसून माझी बारावी सुटली नाही, पण आज माझ्यामुळं कुणाचा तरी पेपर सुटला. तुम्ही कधी कुणाच्या परीक्षेला असे उपयोगी पडलाय का?