पुढच्या रविवारचं विमान

आमच्या व्याह्यांनी उभ्या जन्मात कोणाला 'नाही' म्हटलेलं नव्हतं, आणि त्यापायी नागपूरच्या विमान संग्रहालयातलं एक म्हातारं विमान एकदा गच्च भरलं होतं. त्यांचं गांधीबागेत कापडाचं दुकान. मागितलेला रंग नसला, की म्हणायचे, "पुढच्या रविवारी या, माल रस्त्यात आहे." दुकान मुलाच्या हाती दिलं आणि हे रविवारी शाळेच्या पोरांना विमान समजावायला जाऊ लागले, फुकट. तिथल्या समितीचं मुलांवर भारी प्रेम. प्रेमापोटी प्रत्येक विमानाला 'हात लावू नये' अशी पाटी. व्याही पाटीवर आपली टोपी अडकवायचे. "पोत पाह्यल्याबिगर माल कसा समजन गा? लावा हात." पंख कसा तरतो हे दाखवायला घरून मलमलीचा तागा न्यायचे, पोरांना टोकं धरून पळवायचे, आणि कापड हवा पिऊन वर उचललं गेलं, की स्वतःच टाळ्या वाजवायचे.

एकदा खापा गावातल्या शाळेच्या एका चिमुरडीनं जुन्या प्रवासी विमानाकडे बोट दाखवून विचारलं, "आजोबा, हे उडते का?" सवयीनं तोंडून गेलं, "उडते ना माय. पेट्रोल रस्त्यात आहे. पुढच्या रविवारी ये."

ती आली ना! सोबत सगळा वर्ग, डबे, स्वेटर, आणि मळमळलं तर म्हणून लिंबू घेऊन तिची आजी. नेमकी त्याच दिवशी समितीही आली. व्याह्यांचं रविवारचं शिकवणं ठेवायचं, की त्या जागी चित्रफिती दाखवणारा मोठा पडदा लावायचा, हे ठरवायला. तोवर पोरं विमानात पट्टे बांधून तयार. मी व्याह्यांना डबा द्यायला गेलेली, विमानाच्या दारातच उभी.

"आजोबा, पेट्रोल आलं का?"

व्याह्यांचे ओठ हलले; ठरलेलं उत्तर अगदी दातांपर्यंत आलेलं मी पाहिलं. मग समितीकडे न बघता म्हणाले, "नाही माय. हे उडत नाही. मी खोटं बोललो तुले."

पोरीनं पट्टा सोडला. "मंग तागा उडवा."

उडवला. आजीनंही एक टोक धरलं. समितीनं भरपूर फोटो काढले, आपल्या अहवालात छापले, आणि व्याह्यांच्या जागी पडदा लावला.

निघताना पोरगी म्हणाली होती, "पुढच्या रविवारी येतो आम्ही." पुढच्या रविवारचा हाच वायदा जन्मभर गिऱ्हाइकांना दिलेल्या माणसानं तो खरा धरला. अजून रविवारी तागा काखेत मारून फाटकाशी बसतात. परवा मी म्हटलं, "चला बुवा, ऊन चढलं."

"थांबा विहीणबाई," म्हणाले. "लेकरं रस्त्यात असतीन."