रुचाला न लागलेलं व्रत

शेलूबाजारच्या फूलचंदजींना आपली नात रुचा धाक दाखवून ऐकणार नाही हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी तिला फसवायचं ठरवलं. संवत्सरीच्या, म्हणजे जैनांच्या सर्व जीवांची क्षमा मागण्याच्या दिवसाच्या, दुसऱ्या दिवशी “महासतीजींचं दर्शन घे अन् मंग जाय पुण्याले,” एवढंच म्हणून ते तिला स्थानकात, जैनांच्या धर्मस्थानात, घेऊन गेले. चातुर्मासाला आलेल्या साध्वी तिथे उतरल्या होत्या.

रुचा पुण्यात पीएच.डी. करत होती. कधीकाळी एका कुत्रीच्या मूत्रपिंडातून घेतलेल्या पेशी वाढवायच्या आणि त्या एकमेकींना धरून अखंड पडदा कसा बनवतात ते पाहायचं, हे तिचं काम. फूलचंदजींनी त्यातलं कुत्रं तेवढं ऐकलं आणि डोक्यात राख घालून घेतली.

“हिले पचखाण द्या, महासतीजी,” ते स्थानकात म्हणाले. “जित्या पेशीले हात लावनार नाई, असं.”

पचखाण म्हणजे व्रत. साध्वी सूत्र म्हणणार, घेणाऱ्याने समोर हात जोडायचे. जोडले की बांधला गेला. रुचाचं आजवरचं सगळं काम तिथेच संपलं असतं. आई कुजबुजली, “जोड नं माय. मंग पाहू.”

मंग पाहू! रुचाचे कान तापले. तिने हात पाठीमागे घेतले.

“आजोबा, मी काय करून राह्यली, कधी इचारलं काय? पेशी शेजारणीले बाहेरून धरते, पन तेवढ्यानं भागत नाई. ती पकड आतून अ‍ॅक्टिन नावाच्या प्रथिनाच्या दोऱ्याईले बांधलेली लागते. नसली, तर जरासा ताण आला का सुटते. हे मी रोज पाह्यते, अन् तुमी मले नुसते बाहेरून हात जोडाले सांगता?”

“तोंड लय चालते तुयं! मरतात का नाई त्या पेशी?”

“मरतात.” ती म्हणाली. “त्याईची क्षमा मी काल मागितली, पुढंही मागीन. काम नाई सोडनार.”

महासतीजींनी फूलचंदजींकडे पाहिलं. “पचखाण घेणाऱ्यानं स्वतः मागायचं असतं. हात तर तुमचे जोडलेले आहेत. तुम्हाला देऊ? राग सोडण्याचं?”

फूलचंदजींनी झटकन हात खाली घेतले.

दुपारी रुचा जीपमध्ये बसली. आजोबा दारापर्यंतही आले नाहीत. तिला रडू आलं, ते तिने येऊ दिलं. पण जीप तिने थांबवली नाही. सोमवारी पेशींना ताजं अन्न द्यायचं होतं, आणि ते तीच देणार होती.