चार नावांचा मिडफिल्डर

गेल्या शनिवारी शारजात, आमच्या बिल्डिंगमागच्या टर्फवर, मी एका माणसाची चार नावं पकडली.

माणूस म्हणजे माझ्या मुलीचा, मुक्ताचा, फुटबॉल कोच. रादोवान, सर्बियाचा. त्याच्या म्हणण्याप्रमाणे तो कितीतरी वर्षं प्रोफेशनल मिडफिल्डर होता... आधी गावच्या क्लबात, मग सायप्रस, मग कझाकस्तान, शेवटी इथे आखातात. मग गुडघा गेला आणि हा राहिला.

आता, इथे प्रत्येक जण आपापल्या देशात कोणीतरी मोठा होताच. आमचे हे कॉलेजच्या क्रिकेट टीममध्ये होते, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. पॅव्हेलियनमध्ये होते, हे फक्त मला. त्यात कोचचा तो गुडघा प्लास्टिकचे कोन गोळा करायची वेळ आली की नेमका दुखतो...

आणि त्याने करावं काय, तर पुढे खेळून गोल मारणाऱ्या मुक्ताला मिडफिल्डमध्ये आणलं. तेव्हापासून एक गोल नाही. संस्कृतात मध्यमपदलोपी नावाचा समास असतो, त्यात मधला शब्द गायब असतो. घरात मी कोचला तेच नाव ठेवलं. मुक्ता म्हणाली, "आई, दॅट्स सो मीन." समास कळला नव्हता, टोन कळला होता.

संशय एकट्या माझाच नव्हता. वसईचे ग्लेन हॉटेलात नोकरी करतात, त्यांची सारा याच बॅचला. त्यांनी रादोवानला नेटवर शोधलं, तर त्या नावाचा एक दंतवैद्य सापडला. पालकांच्या ग्रुपवर ठरलं की शनिवारी सोक्षमोक्ष लावायचा. खोटा निघाला तर याचं काम बंद आणि अख्खी बॅच अजमानच्या दुसऱ्या कोचकडे.

मुक्ताने जाहीर केलं, असं झालं तर ती फुटबॉलच सोडणार. आणि ती जे जाहीर करते ते करते... या बाबतीत माझ्यावर गेली आहे.

"वहिनी, विचारायचं तुम्ही," ग्लेन म्हणाले. "तुम्ही संस्कृतवाल्या. उच्चारावरून चोर धरता."

प्रॅक्टिस संपल्यावर मी विषय काढला. कोचने आढेवेढे न घेता टॅबलेट पुढे केला. तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या गावच्या छोट्याशा चॅनेलने त्याच्या कारकिर्दीवर केलेला कार्यक्रम होता, सगळा सर्बियनमध्ये. जुने सोबती बोलतायत, मधेमधे मॅच. गोल भलतेच लोक मारतायत आणि आमचा माणूस फ्रेमच्या कडेला, चेंडू देऊन मोकळा...

मी फिर्यादी पक्षाचे कान लावून बसले. जुना ट्रेनर म्हणाला, रादोवाना. गोल मारणारा म्हणाला, रादोवानू. गोलकीपर, रादोवानोम. शेवटी कोचची म्हातारी आई दारात उभी राहून हाक मारते... रादोवाने.

"चार नावं," मी ग्लेनच्या कानाशी म्हटलं. "त्यातलं एक तर बाईचं वाटतंय."

"खलास," म्हणून ते ग्रुपवर टाइप करायला लागले.

मी कोचला इंग्रजीत सरळ विचारलं, यातलं तुमचं खरं नाव कोणतं? तो गोंधळून बघत राहिला. तेवढ्यात मुक्ता पाण्याची बाटली विसरून निघाली आणि मी सवयीने ओरडले, "मुक्ते, बाटली कोण घेणार?"

कोचचा चेहरा उजळला. म्हणाला, "हजेरीत मुक्ता. तुम्ही हाक मारता मुक्ते. मी विचारलं का, खरी कोणती?"

रादोवाने... म्हणजे संबोधन. मग रादोवाना, रादोवानू, रादोवानोम... विभक्त्या. अर्धं तारुण्य ज्यांच्या पाठांतरात घालवलं त्या विभक्त्या शारजाच्या टर्फवर समोरून चालत आल्या, आणि मी त्यांना चोर समजले.

"किती आहेत तुमच्याकडे?" मी विचारलं.

"सात."

"आमच्याकडे संबोधन वेगळं धरलं तर आठ," मी म्हटलं. कुठेतरी पुढे राहणं गरजेचं होतं.

पण तेवढ्याने काही तो मिडफिल्डर ठरत नव्हता. शुद्ध व्याकरणात खोटं बोलणारे मी भरपूर पाहिलेत. म्हणून कार्यक्रम पुन्हा लावायला सांगितला आणि एकेका वाक्याचा अर्थ विचारला. तो लाजत लाजत सांगत गेला.

ट्रेनर म्हणत होता, रादोवानशिवाय मी टीम उतरवली नाही. गोल मारणारा म्हणत होता, काही सुचेनासं झालं की आम्ही चेंडू रादोवानला द्यायचो. गोलकीपर म्हणत होता, रादोवानबरोबर खेळलो तेवढीच वर्षं मला मॅचच्या आधी झोप लागली.

अख्ख्या कार्यक्रमात त्याचं नाव प्रथमेत एकदाही नाही. एवढी मोठी कारकीर्द... आणि एकाही वाक्याचा तो कर्ता नाही. कोणाला तरी त्याच्याशिवाय, कोणाचं तरी त्याच्याबरोबर. स्वतःबद्दल थापा मारणारा माणूस स्वतःला कर्ता केल्याशिवाय राहत नाही हो. निदान एक गोल तरी मारतोच.

"ग्लेन, ते ग्रुपवरचं खोडा."

"गेलं की, वहिनी. कोच फ्रॉड आहे, असं गेलं."

"मग खाली लिहा... नाही."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा कोचकडे, आणि लिहिलं. नंतर ग्रुपवर बरीच प्रश्नचिन्हं आली, ती निस्तरायचं काम अर्थातच माझ्याकडे. पण बॅच इथेच राहिली.

संध्याकाळी हे दुबईहून कामावरून आले आणि जेवताना नेहमीचा प्रश्न विचारला, "आज प्रॅक्टिस मॅचमध्ये गोल कोणी मारला?"

"सारा," मुक्ता म्हणाली.

मी पहिल्यांदाच पुढचा प्रश्न विचारला. "साराला चेंडू कोणी दिला?"

पोरीचा घास हातातच राहिला. "मी... यू वेअर देअर, आई."

होते की. पण बघत साराकडे होते.